खेळाडू, सेवा आणि स्मृतिनाणे : वऱ्हाडातून एक आढावा

२०२४ च्या नोव्हेंबरात एक चित्र मोबाइलवर फिरत होते. महेंद्रसिंग धोनीच्या सन्मानार्थ रिझर्व्ह बँक ७ रुपयांचे नाणे काढणार, असा मजकूर त्यासोबत होता. पत्र सूचना कार्यालयाने ही बातमी खोटी असल्याचे जाहीर केले. तोवर ती बरीच दूर पोचली होती आणि ऐकणाऱ्यांना तिच्यात न पटण्यासारखे काही दिसले नव्हते. आवडत्या खेळाडूचा चेहरा नाण्यावर यावा, असे लोकांना मनापासून वाटते. मग तसे नाणे का निघत नाही, निघालेच तर कुणासाठी निघावे आणि त्यातून काय साधावे? हा प्रश्न मुंबई-दिल्लीकडून पाहण्यापेक्षा अमरावती-अकोल्याकडून पाहिला तर त्याला वेगळे वजन येते. व्यायाम आणि रुग्णसेवा ही दोन्ही कामे इथे एकाच गावात, एकाच काळात, एकमेकांच्या ओळखीतल्या माणसांनी उभी केली आहेत.

नाणे निघते कसे, ते आधी पाहू. नाणे काढण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा नाही, केंद्र सरकारचा आहे. १९०६ चा जुना कायदा जाऊन नाणे अधिनियम, २०११ आला. त्यानुसार अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग निर्णय घेतो, राजपत्रात नियम प्रसिद्ध होतात आणि मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा इथल्या टांकसाळींतून नाणी पाडली जातात. रिझर्व्ह बँकेकडे ती फक्त चलनात सोडण्याचे काम उरते. १००० रुपयांपर्यंतच्या दर्शनी किमतीचे नाणे या कायद्याखाली काढता येते. राजपत्रातली अधिसूचना वाचायला कोरडी असते, पण तिच्यात नाण्याचा व्यास, वजन, धातूचे प्रमाण, कडेवरच्या दातऱ्यांची संख्या आणि कुठल्या बाजूला काय कोरायचे, हे सगळे बारकाईने दिलेले असते. एका बाजूला अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष, ‘सत्यमेव जयते’, देशाचे नाव आणि किंमत हे ठरलेलेच. माणसाला किंवा प्रसंगाला जागा मिळते ती दुसऱ्या बाजूला.

स्मृतिनाण्यांचे दोन प्रकार आहेत आणि बहुतेक गोंधळ ते न ओळखल्यामुळेच होतो. पहिला प्रकार चलनातला. रोजच्याच १, २, ५ किंवा १० रुपयांच्या नाण्यावर एखादा चेहरा किंवा चिन्ह येते आणि ते भाजीवाल्याच्या गल्ल्यात, एसटीच्या वाहकाच्या पिशवीत फिरत राहते. दुसरा प्रकार संग्राहकांसाठीचा. १००, १२५, १५० रुपये अशी, बहुधा जयंतीच्या वर्षांशी जुळणारी किंमत त्याच्यावर असते. ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन आणि त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबे, उरलेले निकेल व जस्त, असा या नाण्यांचा साचा वर्षानुवर्षे चालत आला. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचे ७५ रुपयांचे नाणे निघाले, तेही याच मापाचे. अशी नाणी टांकसाळीकडे आगाऊ मागणी नोंदवून विकत घ्यावी लागतात आणि त्यांची विक्री किंमत दर्शनी किमतीच्या कितीतरी पट असते. ती बाजारात चालत नाहीत, मखमली डबीत बसून राहतात. आणि सराफ्यात दिवाळीला मिळणारे लक्ष्मी-गणपतीचे चांदीचे ‘नाणे’ या दोन्हींत बसत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते पदक आहे.

नाणे हे फार चिवट स्मारक आहे, हे वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको. तऱ्हाळा हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे, तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होते. तिथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी त्यातल्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा अभ्यास केला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या वंशावळीत नसलेली नावे हाती आली. ना शिलालेख, ना ग्रंथ. शिसे-तांब्याच्या मिश्र धातूच्या त्या मळकट तुकड्यांनीच या राजांची नावे राखली. पुढे अचलपूरची टांकसाळ मोगलांच्या आणि निजामाच्या काळात चालली. जुनी माणसे चांदीच्या रुपयाला कलदार म्हणत आणि तो अडीअडचणीसाठी गाडग्यात पुरून ठेवत. मेळघाटात आणि बंजारा तांड्यांवर अशाच रुपयांचे हार आयाबायांच्या गळ्यात असत. कुणाचा चेहरा नाण्यावर येतो, ही बाब म्हणूनच मी किरकोळ मानत नाही. रस्त्याचे नाव पाटी बदलली की बदलते. नाण्यावरचे नाव धातू टिकेल तोवर राहते.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मृतिनाणे १९६४ चे, पंडित नेहरूंच्या निधनानंतरचे. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीची नाणी आली आणि त्यांतले २० पैशांचे पिवळे नाणे घरोघरी पोचले. महाराष्ट्राच्या वाट्याला बरेच काही आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १ रुपयाचे नाणे १९९० मध्ये निघाले. छत्रपती शिवाजी महाराज आणि संत ज्ञानेश्वर १९९९ मध्ये नाण्यावर आले, संत तुकाराम २००२ मध्ये आणि लोकमान्य टिळक २००७ मध्ये. बाबासाहेबांचा तो रुपया आजही वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत तसबिरीपाशी जपलेला दिसतो. त्याची बाजारातली किंमत रुपयाहून फारशी जास्त नाही. तो खर्चायचा नाही, असे त्या घरांनी ठरवलेले असते. सरकारने दिलेला सन्मान आणि लोकांनी स्वीकारलेला सन्मान एकाच तुकड्यात भेटतात, ते असे. डबीतल्या चांदीच्या नाण्याला हे भाग्य क्वचितच लाभते.

खेळाच्या बाबतीत मात्र आपला हिशेब तोकडा आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांसाठी २५ पैसे आणि २ रुपयांपासून १०० रुपयांपर्यंतची नाणी निघाली. जंतरमंतराच्या रेषांतून घडवलेले स्पर्धेचे सूर्यचिन्ह त्यांच्यावर होते. २ रुपयांचे नाणे आपल्याकडे आले तेच मुळी त्या वर्षी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी २ आणि ५ रुपयांची नाणी चलनात आली. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय योग दिनाचे १० रुपयांचे नाणे निघाले. हे सगळे सोहळ्यांचे सन्मान आहेत. घाम गाळणाऱ्या एखाद्या माणसाचा चेहरा त्यांत नाही. टपाल खाते याबाबत पुढे गेले. मेजर ध्यानचंदांचे तिकीट १९८० मध्ये निघाले. दि. ब. देवधर, सी. के. नायडू, विजय मर्चंट आणि विनू मंकड यांची तिकिटे १९९६ मध्ये आली. १४ नोव्हेंबर २०१३ ला, वानखेडेवर सचिन तेंडुलकरचा शेवटचा सामना सुरू झाला त्याच दिवशी, त्याचेही तिकीट प्रसिद्ध झाले. त्या सामन्याची नाणेफेक त्याची छबी असलेल्या खास नाण्याने झाली, पण ते नाणे क्रिकेट मंडळाचे होते, टांकसाळीचे चलन नव्हते.

सेवेच्या क्षेत्रातली दोन नाणी लक्षात ठेवण्यासारखी आहेत. दोन्ही चलनात आली. लुई ब्रेल यांच्या जन्माला २०० वर्षे झाली म्हणून २००९ मध्ये २ रुपयांचे नाणे निघाले आणि मदर तेरेसांच्या शताब्दीनिमित्त २०१० मध्ये ५ रुपयांचे. त्याच २००९ मध्ये अमेरिकेने ब्रेल यांच्या नावाचा चांदीचा डॉलर काढला, तेव्हा त्यावर बोटांनी वाचता येतील असे ब्रेल ठिपके उठवले होते. ज्याच्या कामाचा गौरव करायचा, ते काम ज्यांच्यासाठी होते त्यांच्या हाताला नाणे ओळखता यावे, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. आपल्या टांकसाळींनी २०१९ पासून दृष्टिहीनांना ओळखता येईल अशी नवी नाणी पाडायला सुरुवात केली. विचार तोच, उशिरा आलेला पण पक्का.

चलनातल्या स्मृतिनाण्यांची एक अडचण वऱ्हाडात रोज अनुभवाला येते. १० रुपयांचे नाणे पुढे केले की दुकानदार म्हणतो, ‘हे इथं चालत नाई, नोट द्या.’ बसमध्ये, भाजीबाजारात, पानठेल्यावर तेच. यामागचे एक मोठे कारण म्हणजे त्या नाण्याची बदलती रूपे. कुणावर बाबासाहेब, कुणावर योगाचे चिन्ह, कुणावर नुसताच आकडा. मग ‘हे खरे, ते खोटे’ अशी कुजबुज सुरू झाली. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने १० रुपयांच्या नाण्याची सर्व १४ रूपे वैध असल्याचा खुलासा केला, तरी कित्येक गल्ल्यांवर तो अजून पोचलेला नाही. कायदा तर असा की नाण्यांच्या रूपात १००० रुपयांपर्यंतचे देणे चुकते करता येते. सन्मान म्हणून काढलेले नाणे संशयाने परत केले जाते तेव्हा त्या माणसाचाच अवमान होतो, असे मला वाटते. यात दोष दुकानदाराचा कमी आणि नाणे काढून गप्प बसणाऱ्या व्यवस्थेचा जास्त. नवे नाणे आले की शाळेत, बँकेत, बाजार समितीत त्याचे चित्र लागले पाहिजे. याच अज्ञानावर दुसरा धंदाही पोसला जातो. वैष्णोदेवीचे ५ रुपयांचे नाणे द्या आणि लाखो रुपये घ्या, अशा जाहिराती फिरतात आणि आगाऊ ‘शुल्क’ म्हणून लोकांचे पैसे लुबाडले जातात. अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच बजावले आहे.

आता बाहेरच्या जगाकडे वळू. आधुनिक ऑलिंपिकचे पहिले स्मृतिनाणे फिनलंडने काढले. हेलसिंकी स्पर्धांसाठीचे ते ५०० मार्कांचे चांदीचे नाणे १९५१-५२ चे. याच हेलसिंकीत, १९५२ मध्ये, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिकडे पाठवायला पैसे नव्हते. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. यजमान देश खेळाच्या नावाने चांदी पाडत होता आणि आपल्या मल्लाचे तिकीट एका मास्तरच्या गहाणखतावर निघाले होते. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मृत्यूनंतर, २००० च्या सुमारास. ज्याने घर गहाण टाकले, त्याच्याही नावाला नाण्याच्या कडेवर कुठेतरी जागा असावी, असे मला राहून राहून वाटते.

अमेरिकेत खेळाडूंची नाणी बरीच आहेत आणि तिथली एक पद्धत आपण नीट समजून घ्यावी अशी आहे. तिथे स्मृतिनाण्याच्या किमतीत ठरावीक अधिभार धरलेला असतो आणि तो कुणाला द्यायचा हे कायद्यातच लिहिलेले असते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या नाण्यांतून ७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम खेळांसाठी उभी राहिली. १९९५ मध्ये विशेष मुलांच्या ऑलिंपिकसाठी निघालेल्या डॉलरवर त्या चळवळीच्या संस्थापक युनिस केनेडी श्रायव्हर यांचा चेहरा होता. हयात व्यक्तीचा चेहरा नाण्यावर यावा का, यावर तेव्हा तिकडे बराच वाद झाला. त्यातूनही चळवळीला पैसे मिळाले. १९९७ चे नाणे जॅकी रॉबिन्सनचे. १५ एप्रिल १९४७ ला हा कृष्णवर्णीय खेळाडू अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल साखळीत मैदानावर उतरला आणि तिथली रंगभेदाची भिंत फुटली. त्याला ५० वर्षे झाली म्हणून ५ डॉलरचे सोन्याचे आणि १ डॉलरचे चांदीचे नाणे निघाले. सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे ३५ डॉलर आणि चांदीच्या नाण्यामागे १० डॉलर त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानला जायचे होते. हे प्रतिष्ठान गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते.

पण नाणे खपले नाही. सोन्याच्या साध्या आवृत्तीच्या जेमतेम ५१७४ प्रती विकल्या गेल्या. त्या वर्षांत तिकडे इतकी स्मृतिनाणी निघत होती की संग्राहक कंटाळले होते. अखेर कायदा करून १९९९ पासून वर्षाला दोनच विषय घ्यायचे असे ठरले. अधिभार मिळण्यापूर्वी टांकसाळीचा खर्च निघाला पाहिजे आणि लाभार्थी संस्थेने स्वतःही निधी उभारला पाहिजे, अशा अटी आल्या. गंमत अशी की न खपलेले ते सोन्याचे नाणे कमी प्रतींमुळेच पुढे दुर्मीळ ठरले आणि त्याचा भाव चढला. त्या चढलेल्या भावातून प्रतिष्ठानला एक छदामही मिळाला नाही, मिळाला तो नाणे दाबून ठेवणाऱ्यांना. संग्राहकांच्या भरवशावर उभ्या केलेल्या सन्मानाचे हेच होते.

प्वेर्तो रिकोचा बेसबॉलपटू रॉबेर्तो क्लेमेंते हे नाव इथे घ्यायलाच हवे. पिट्सबर्गकडून खेळताना त्याने कारकिर्दीत ३००० फटक्यांचा टप्पा गाठला. निकाराग्वात भूकंप झाला, पाठवलेली मदत मध्येच लुटली जात असल्याचे कळले, म्हणून ३१ डिसेंबर १९७२ ला तो स्वतः मदतीच्या विमानात बसला. ते विमान समुद्रात कोसळले. अमेरिकी संसदेने १९७३ मध्ये त्याला सुवर्णपदक दिले आणि त्याच्या नावाच्या नाण्यासाठी तिथे विधेयकेही मांडली गेली. खेळाडू आणि माणुसकीचा सेवक या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असल्याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

स्वित्झर्लंडने २०२० मध्ये रॉजर फेडररचे २० फ्रँकचे चांदीचे नाणे काढले. हयात व्यक्तीला नाण्यावर आणण्याची तिथली ती पहिलीच वेळ. आगाऊ नोंदणीला इतकी झुंबड उडाली की टांकसाळीचे संकेतस्थळ बंद पडले. फेडररचे स्वतःचे प्रतिष्ठान आफ्रिकेतल्या मुलांच्या शिक्षणाचे काम करते. स्विस स्मृतिनाण्यांचा नफा मात्र त्याच देशातल्या सांस्कृतिक कामांना जातो, म्हणजे हिशेब थोडा निराळा. तरीही नाण्याचा पैसा लोकांच्या कामाला लागतो, हे तत्त्व दोन्हीकडे सारखे आहे. आपल्याकडे ते नाही. नाणे निघते, मंत्र्यांच्या हस्ते अनावरण होते, छायाचित्र छापून येते आणि डब्या विकल्या जातात. ज्याच्या नावाने नाणे निघाले त्याच्या कामाला त्यातून वेगळे काही मिळेल, अशी सोय नाही. आपल्या पद्धतीतली मोठी उणीव मी हीच मानतो.

आणि आता अमरावती.

१९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी इथे एक आखाडा सुरू केला. त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. आखाड्याची माती नुसती माती नसते. ती चाळतात, तिच्यात तेल, ताक, हळद मुरवतात, रोज खणून भुसभुशीत करतात, तेव्हा ती अंग धरते आणि पडणाऱ्याला सांभाळते. अशा मातीतून वर आलेल्या या मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले पथक पाठवले आणि कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. ध्यानचंदांच्या हॉकी संघाने त्याच बर्लिनमध्ये सुवर्ण जिंकले, ते सगळ्यांना पाठ आहे. कबड्डी पहिल्यांदा परदेशी प्रेक्षकांसमोर आली ती अमरावतीकरांमुळे, हे वऱ्हाडाबाहेर फार थोड्यांना ठाऊक असते. क्रांतिकारक राजगुरूंनीही इथे येऊन व्यायामाचे धडे घेतले होते. पुढे मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे राहिले आणि राज्यभरातल्या कितीतरी शाळांचे खेळ-शिक्षक इथूनच तयार होऊन गेले. मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली.

याच मंडळाशी जवळून जोडलेले होते डॉ. शिवाजीराव पटवर्धन, अमरावतीकरांचे दाजीसाहेब. जन्म १८९२ चा. होमिओपॅथीचे डॉक्टर, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले. शरीर कमावण्याच्या चळवळीत वावरलेला हा माणूस १९४६ मध्ये शरीर झडत चाललेल्यांकडे वळला आणि गावाबाहेरच्या उजाड माळावर त्याने कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले. विदर्भ महारोगी सेवा मंडळ ही त्याची संस्था. औषधाबरोबर काम हे तपोवनाचे सूत्र होते. शेती, विणकाम, सुतारकाम, छपाई अशी कामे रुग्ण करू लागले आणि त्यांनी बनवलेल्या वस्तू गावातल्या घरांत गेल्या. ज्यांच्या सावलीला लोक भीत, त्यांच्या हातची खुर्ची दिवाणखान्यात आली. वर्धेजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये हे काम सुरू केले होते, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन पुढे आले आणि परतवाड्याजवळ कोठाऱ्याला ख्रिस्ती मिशनचे कुष्ठरुग्णालय होतेच. या पट्ट्याने कुष्ठसेवेत जे केले ते देशात क्वचितच कुठे झाले असेल. दाजीसाहेबांना १९५९ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८६ मध्ये ते गेले.

नाणे निघावे ते दाजीसाहेबांचे, असे मला वाटते. कुणी म्हणेल, ते काही ऑलिंपिकपटू नव्हते. खरे आहे. पण पदकांची यादी हीच खेळाडूची व्याख्या धरली, तर आखाडे बांधणारे, माती खणणारे, पोरांना दंड-बैठकांपासून मल्लखांबापर्यंत चढवणारे सगळेच बाजूला पडतात. आपल्याकडे खेळ वाढला तो अशांच्या जिवावर. आणि व्यायामाचा हेतू नुसती छाती फुगवणे हा नसून दुसऱ्याचा भार उचलता यावा हा आहे, हे त्या पिढीने धरून ठेवले होते. दाजीसाहेबांनी उचललेला भार तपोवनात दिसतो.

नाण्याच्या प्रश्नाशी कुष्ठरोगाचा एक जुना आणि कटू संबंध आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातल्या अनेक कुष्ठवसाहतींत रुग्णांसाठी वेगळी नाणी असत. कोलंबियाने १९०१ मध्ये अशी नाणी पाडली. फिलिपाइन्समधल्या क्युलियन बेटावर १९१३ पासून ती होती. मलायातल्या सुंगाई बुलोहलाही अशीच वेगळी चलनव्यवस्था होती. रुग्णाने हाताळलेला पैसा निरोगी माणसाच्या हातात जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. ती नाणी वसाहतीच्या कुंपणाबाहेर चालत नसत, म्हणजे माणसालाही पळून जाता येत नसे. स्पर्शाने नाण्यातून हा रोग पसरतो ही समजूत पुढे निराधार ठरली. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून देशपातळीवर कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे भारताने जाहीर केले. रुग्णांना डांबून ठेवू देणारा १८९८ चा कायदा मात्र २०१६ पर्यंत पुस्तकात होता.

या रोगात हाताचा मज्जातंतू मरतो. आधी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळते, मग पंजा आखडतो. बोटांना संवेदना नसते, त्यामुळे नाण्याची कड, तिच्यावरच्या दातऱ्या, थंडपणा, यातले काहीच कळत नाही. नाणे चिमटीत धरायला जावे तर निसटते. दुकानात पैसे देताना अशा रुग्णाला तळहात पसरून समोरच्याला म्हणावे लागते, तुम्हीच घ्या. आणि समोरचा ते घ्यायला कचरतो. हा संकोच कोणत्याही अधिसूचनेने गेला नाही. तो गेला तेवढा तपोवनासारख्या ठिकाणी सोबत राहून, सोबत जेवून गेला.

म्हणून दाजीसाहेबांच्या नावाचे नाणे निघावे, तर ते १५० रुपयांच्या डबीतले नसावे, असे माझे ठाम मत आहे. ते ५ रुपयांचे, चलनातले असावे. एका काळी कुष्ठरुग्णाचा पैसा वेगळा काढला जात होता. त्याच्या सेवकाचे नाव असलेला पैसा अकोल्याच्या कापसाच्या बाजारात आणि अमरावतीच्या राजकमल चौकात सगळ्यांच्या हातून फिरला, तर त्या जुन्या अन्यायाचे ते नेमके उत्तर होईल. चांदीची आवृत्ती संग्राहकांसाठी काढायला हरकत नाही, पण तिच्या किमतीत अधिभार असावा आणि तो तपोवनातल्या वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेला व गावोगावच्या आखाड्यांना वाटून मिळावा. यासाठी नाणे अधिनियमात किंवा त्याखालच्या नियमांत एक तरतूद घालावी लागेल. काम अवघड नाही, इच्छा हवी. रॉबिन्सनच्या नाण्याचा धडा घेऊन खपाची सगळी भिस्त संग्राहकांवर ठेवू नये, तपोवनाला आधीपासून मदत करणारे दाते आणि मंडळाचे माजी विद्यार्थी यांना सोबत घ्यावे.

दाजीसाहेबांसोबत वऱ्हाडाचे दुसरे नाव आपोआप येते, ते गाडगेबाबांचे. शेंडगावला जन्मलेल्या, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला वाढलेल्या आणि वलगावजवळ पेढी नदीच्या काठी देह ठेवलेल्या बाबांचे टपाल तिकीट १९९८ मध्ये निघाले. १८७६ च्या जन्मापासून २०२६ हे १५० वे वर्ष. खाशाबांची जन्मशताब्दीही २०२६ मधलीच. हे दोन योग एकाच वर्षात जुळून आले आहेत, आणि दोघांपैकी कुणाच्याही नावाला धातूत उतरायला कसलीच शिफारस लागू नये.

दाजीसाहेबांच्या नाण्यासाठी वर्ष कोणते धरावे? त्यांच्या जन्माला १५० वर्षे २०४२ मध्ये होतील, तपोवनाची शंभरी २०४६ मध्ये. एवढे थांबायची गरज नाही. बर्लिनमधल्या प्रात्यक्षिकांना २०३६ मध्ये १०० वर्षे पूर्ण होतात, आणि २०३६ चेच ऑलिंपिक भरवण्याची इच्छा भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला लेखी कळवली आहे. यजमानपद मिळो न मिळो, त्या वर्षी देशात खेळाची नाणी निघण्याची दाट शक्यता आहे. त्यांतले एक अमरावतीचे असावे. त्याच्यावर आखाड्यातला मल्लखांब आणि त्याला टेकून उभा असलेला, काठी हातात घेतलेला रुग्ण, अशी दोन्ही चित्रे एकत्र यावीत. आर्थिक व्यवहार विभागाकडे प्रस्ताव, राज्य शासनाची शिफारस, नमुना, मंजुरी, राजपत्र या सगळ्याला वेळ लागतो. मंडळाने आणि तपोवनाने तो प्रस्ताव मिळून तयार करावा आणि अमरावती व अकोल्याच्या खासदारांच्या हाती आत्ताच द्यावा.